चष्मा काढून पाहिलेला शेवट

"शनिवारी चार वाजता दोघांनी आमच्याकडे यायचं! सिनेमा मी दाखवणार! अथपासून इतिपर्यंत!"

नाना फोनवर हे बोलले आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले. उभी हयात ग्रंथालयात गेलेला माणूस. शिंक आली तरी ती रुमालात गुंडाळून जिन्यापर्यंत न्यायची आणि तिथे सोडायची, अशी सवय. त्यांच्या घशातून उद्गारचिन्हं बाहेर पडतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बायको हातातला झारा घेऊनच बाहेर आली. "कोण ओरडलं?"

"मी."

"तुम्ही? मला वाटलं प्लंबर आला." तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि सिनेमा कोण दाखवणार? परवा मिक्सर चालू करायला सांगितला, तर तुम्ही आधी त्याची माहितीपुस्तिका वाचायला बसलात. चटणी दुसऱ्या दिवशी झाली."

"कोणता सिनेमा ते विचार ना," नाना हळूच म्हणाले. "तो. दीपस्तंभवाला."

झारा हवेतच थांबला.

आता हा दीपस्तंभवाला सिनेमा म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. नानांची बायको आणि तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, लहानपणी वडिलांबरोबर हा सिनेमा पाहायला गेल्या होत्या. दीपस्तंभाच्या राखणदाराची मुलगी, तिचा तो खलाशी, मोठं वादळ. खलाशी एकटाच लहानशा होडीतून समुद्रात शिरतो आणि मध्यंतर होतं. नेमकी त्याच वेळी धाकटीची दाढ ठणकायला लागली. तिने असं भोकाड पसरलं की वडील दोघींना उचलून थेट घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी थिएटरात दुसराच सिनेमा लागला. पुढे तो सिनेमा जो गडप झाला तो झालाच.

खलाशी परत आला की नाही? ताई म्हणे, आलाच. धाकटी म्हणे, छे, बुडाला, आणि त्या पोरीने जन्मभर दिवा सांभाळला. दोघींची लग्नं झाली, मुलं झाली, केस पिकले, पण हा खलाशी काही किनाऱ्याला लागला नाही. आणि भांडणाच्या शेवटी ताईचं ठरलेलं वाक्य यायचं, "तुझ्या दाढेपायी माझा शेवट गेला!" एवढं ऐकलं की नानांची बायको गप्प व्हायची. एरवी ती कोणापुढे गप्प बसत नसे, नानांपुढे तर नाहीच नाही. म्हणूनच तिचं ते गप्प बसणं नानांना आतून टोचायचं.

मुलीने त्यांच्या टीव्हीला साबणाच्या वडीएवढी काळी डबी लावून दिली होती. घरबसल्या सिनेमा भाड्याने घ्या आणि पाहा! सोमवारी नाना त्या डबीत सहज चाळत होते. जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घालावा तसेच. आणि अचानक तो दीपस्तंभ समोर! चित्राखाली ओळ होती, ‘फक्त शनिवारपर्यंत उपलब्ध.’ नानांचं काळीज असं उडालं की डोळ्यावरचा चष्माही हलला. मुलीला फोन लावून, तिला विचारत विचारत त्यांनी तो भाड्याने घेतला. घेतल्यावर दुसरी ओळ आली, ‘कधीही सुरू करा. एकदा सुरू केलात की दोन दिवसांत पाहून संपवा.’

नानांनी ती ओळ तीनदा वाचली आणि ती त्यांना नीट समजली. अडचण एवढीच झाली, की ती त्यांना ग्रंथालयाच्या पद्धतीने समजली.

ग्रंथालयात पुस्तक वाचकाच्या हाती देण्याआधी तपासायचं असतं. पहिलं पान आहे ना, मधली पानं सुटलेली नाहीत ना, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटची पानं! फाटतात ती नेहमी तीच. सगळं ठीक असलं की मग तारखेचा शिक्का, आणि शिक्का पडला की मुदत सुरू. शिक्क्याआधी पुस्तक दहा वेळा उघडलं तरी ते मोजत नाहीत. नानांचा सगळा संसार आणि सगळी नोकरी याच श्रद्धेवर चालली होती.

गुरुवारी दिवेलागणीला बायको शिंप्याकडे गेली आणि नाना सिनेमा तपासायला बसले. सुरुवात होती. ‘मध्यंतर’ ही पाटीसुद्धा जागेवर होती. राहिला शेवट. तिथे मात्र नाना घुटमळले. जो शेवट बायकोने इतकी वर्षं पाहिला नाही, तो आपण तिच्याआधी एकट्याने पाहायचा? छे! पण न तपासता द्यायचा, तेही बरं नव्हे. मग त्यांनी मार्ग काढला. चष्मा काढला आणि शेवट पाहिला! चष्म्याशिवाय नानांना आरशातला माणूसही परका वाटायचा. पडद्यावर करड्या धुक्यात पांढरं काहीतरी हललं, वाद्यं वाजली, अंधार झाला. शेवट जागेवर होता. नानांनी समाधानाने डबी बंद केली आणि चष्मा पुसून चढवला.

शनिवारी ताई आणि साडू चारच्या ठोक्याला हजर! साडू म्हणजे निवृत्त बस-निरीक्षक. कुठेही चार खुर्च्या दिसल्या की त्यांच्या अंगात बसखातं संचारायचं.

"नाना, ही बैठक साफ चुकीची आहे! मागच्या प्रवाशाला काही दिसणार नाही!"

"पण मागे कोणीच बसणार नाही, भाऊसाहेब."

"प्रश्न तत्त्वाचा आहे!"

सोफा खिडकीशी गेला. मग दाराशी गेला आणि दार उघडेना. मग कपाटाला टेकला, तेव्हा कपाटावरची बादली साडूंच्या डोक्यावरून गडगडत गेली. शेवटी सोफा फिरत फिरत आपल्या मूळ जागी येऊन बसला. साडूंनी कपाळावरचा घाम पुसला. "आता कसं! हे मी आल्याआल्याच सांगत होतो." तोवर बाहेरचं ऊन उतरलं होतं.

सिनेमा सुरू झाला. दोघी बहिणी हातात हात घालून बसल्या. ताई प्रत्येक वाक्य नटीच्या आधी बोलत होती आणि धाकटी तिला कोपराने ढोसत होती. खलाशाने होडी लोटली. लाटा उसळल्या. आणि पडद्यावर ती पाटी आली, ‘मध्यंतर.’

"थांबवा!" साडूंनी हात वर केला. "मध्यंतर म्हणजे मध्यंतर! पंधरा मिनिटं!"

"इथेच!" ताई म्हणाली. "अगदी इथेच हिची दाढ दुखली!"

"आज नाही दुखायची, ताई. दुखायला राहिल्यात कुठे!" बायको हसत उठली. चहा झाला, मक्याच्या लाह्या झाल्या. नाना तिच्याकडे चोरून पाहत होते. इतकी खुशीत ती मुलीच्या लग्नातही नव्हती. नानांना वाटलं, आपण अगदीच काही हे नाही. आपल्याला जमतं थोडंफार.

सगळे बसले. नानांनी ऐटीत बटण दाबलं.

पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं आली, ‘या चित्रपटाची भाड्याची मुदत संपली आहे.’

साडूंच्या तोंडातली लाही तेवढी वाजली.

"तेव्हा तुझी दाढ," ताई सावकाश म्हणाली, "आणि आता तुझा नवरा!"

बायको गप्प झाली. पुन्हा तेच ते गप्प बसणं!

"मी... गुरुवारी जरा तपासला होता," ते पुटपुटले. "पण शिक्का मारला नव्हता!"

"कसला शिक्का?" तिघांनी एकदम विचारलं.

नानांनी सगळं सांगितलं. ताई पुढे सरसावली. "थांबा! म्हणजे शेवट तुम्ही पाहिलाय?"

"पाहिलाय. म्हणजे, चष्मा काढून."

"चष्मा काढून?" बायकोला वाचा फुटली. "अहो, चष्मा काढलात की तुम्हाला भिंत दिसत नाही!"

"म्हणूनच काढला. तुझ्याआधी पाहायचा नव्हता मला."

"ते असू दे!" ताई म्हणाली. "दिसलं काय?"

"पांढरं. काहीतरी पांढरं होतं."

"एक की दोन?"

"दोन असावीत..."

"दोन! म्हणजे परत आला!" ताईने टाळी वाजवली.

"...किंवा मग एकच, पण मोठं."

"एकच! ती एकटीच उभी आहे!" बायको म्हणाली.

"बाजूला व्हा सगळे," साडूंनी रिमोट ताब्यात घेतला. "पुन्हा भाड्याने घ्यायचा, त्यात काय! आज शेवटचा दिवस आहे ना? मग शेवटची गाडी पकडू!"

त्यांनी एक बटण जोरात आणि बराच वेळ दाबून धरलं. डबीतून एक बाई बोलायला लागली. "डावीकडे," ती शांतपणे म्हणाली.

"ही कोण?" साडू दचकले.

"उजवीकडे. मागे. मागे. मागे."

"बाई, मागे काय मागे! गाडी पुढे घ्या!" साडू कडाडले. बाईंनी मनाला लावून घेतलं नाही. साडू जे बटण दाबतील ते त्या मोठ्याने वाचून दाखवत होत्या. नाना हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, त्यांच्याशी भांडू नका. त्यांना ऐकू येत नाही." पण साडू आता इरेला पेटले होते. "मी निरीक्षक होतो, समजलं?" असं ते टीव्हीला सांगत होते, तेवढ्यात सिनेमा सापडला आणि चौकट आली, ‘गुप्त अंक टाका.’

"तो मुलीला माहीत," नाना म्हणाले. "सोमवारी तिने सांगितला होता. गुप्त म्हणून मी लक्षात ठेवला नाही."

मुलगी फोन उचलेना. साडूंनी आपल्या पहिल्या बसचा क्रमांक टाकला. "चुकीचा अंक," बाई म्हणाल्या. ताईने स्वतःचं जन्मसाल टाकलं, तेही दोन वर्षं कमी करून. "चुकीचा अंक."

"लग्नाचं साल टाका तुमच्या," ताई नानांना म्हणाली.

नानांनी टाकलं. "चुकीचा अंक."

"चुकीचाच आहे तो," बायको थंडपणे म्हणाली. "हे साल तुम्हाला ग्रंथालयात बढती मिळाली त्याचं."

"शेवटची एक संधी शिल्लक आहे," बाईंनी जाहीर केलं.

खोलीत पाल चुकचुकली असती तरी सगळे ओरडले असते. एवढ्यात फोन वाजला!

"बाबा, मी आंघोळीला गेले होते! काय झालं? तिकडे ही बाई का बोलतेय?"

"गुप्त अंक! लवकर!" नाना आयुष्यात दुसऱ्यांदा ओरडले.

"चार वेळा एक. तुम्हीच म्हणालात ना, सोपा ठेव, मी विसरायला नको?"

बायकोने नानांकडे पाहिलं. नानांनी छताकडे पाहिलं.

नानांनी एक-एक-एक-एक असं दाबलं. दर वेळी बाईंनी "एक" म्हटलं, दर वेळी चौघांनी श्वास रोखला. आणि दीपस्तंभ उजळला! साडू "पंधरा मिनिटांचं मध्यंतर पुन्हा—" असं काहीतरी म्हणायला लागले, पण दोन्ही बहिणींनी एकाच वेळी अशा नजरेने पाहिलं की ते तसेच खाली बसले.

पाटी मागे पडली. यापुढचं दोघींनी कधीच पाहिलं नव्हतं. ताईचं नटीच्या आधी बोलणं बंद झालं, कारण आता काय बोलायचं ते तिलाही माहीत नव्हतं. वादळ आलं. दिवा विझला, मुलीने तो पुन्हा पेटवला. रात्र गेली, पहाटेचं धुकं पसरलं, आणि धुक्यातून होडी येताना दिसली. ती पोर किनाऱ्याकडे धावत सुटली. होडी जवळ आली, आणखी जवळ आली, वाद्यं वाजली आणि पडद्यावर आलं, ‘समाप्त.’

"आला!" ताई किंचाळली. "सांगत नव्हते मी!"

"कुठे आला? होडी रिकामी होती!"

"माणूस बसला होता त्यात!"

"ती डोलकाठी होती, ताई!"

"डोलकाठीला टोपी असते का गं?"

दोघींचे चेहरे लालबुंद झाले होते. त्या भांडत होत्या, हसत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या. दाढेचं नाव कोणी काढलं नाही. भांडायला सगळं नवं कोरं सापडल्यावर त्या जुन्या दाढेला कोण विचारतो!

"नाना, तुम्ही सांगा!" ताई एकदम त्यांच्याकडे वळली. "आता तर चष्मा आहे ना डोळ्यावर? होडीत माणूस होता की नव्हता?"

नानांनी चष्मा पुसायला घेतला. "नीटसं... लक्ष नव्हतं माझं."

"लक्ष नव्हतं?" बायकोने कपाळाला हात लावला. "एवढा खटाटोप करून? मग इतका वेळ तुम्ही बघत काय होतात?"

"तुला!" साडू खणखणीत आवाजात म्हणाले. "मी शेजारीच बसलोय. सबंध वादळभर नाना तुझ्याकडे बघत होते!"

ताई हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "काहीतरीच!" नानांचे कान तापले. कपबश्या उचलण्याचं निमित्त करून त्यांनी स्वयंपाकघर गाठलं आणि ओट्याशी उभे राहून दोन पेले पाणी प्यायले.

बाहेरून बायकोची हाक आली. "अहो, ऐकलंत का? ताई म्हणतेय, मुदत दोन दिवसांची आहे ना, तर उद्या सकाळी एकदा पाहू आणि संध्याकाळी एकदा! सोमवारी वेळ मिळाला तर तेव्हाही!"

नानांनी मान डोलावली. भिंतीपलीकडे ती कोणाला दिसली नाही.

"आणि हे बघा," ती पुढे म्हणाली, "उद्या मुकाट्याने टीव्हीकडे बघायचं. मला साक्षीदार हवाय!"