पिस्टन दोनदा वर येतो

व्हरांड्यातली सरांची मोटरसायकल आज दुपारी चार वाजता जायची होती. सरांच्या पत्नीने, बाईंनी, तसं ठरवलं होतं, आणि बाईंनी ठरवलं की ते ठरलं. त्या जागी त्यांना शिलाई मशीन मांडायचं होतं. गाडी न्यायला येणार होता कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री, एके काळचा सरांचा विद्यार्थी. तीन वर्षं ती सुरूच झाली नव्हती. "सर, हिचं इंजिन दाब धरत नाही. सुटे भाग तरी कामाला येतील," असं तो आदल्या दिवशी सांगून गेला होता.

"किती धरत नाही? आकडा सांग," सर म्हणाले होते.

आकडा त्याच्याकडे नव्हता. बत्तीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाला आकड्याशिवाय निरोप देणं जमेना. शेवटी बाईंशी तह झाला. पिस्टन वर गेला की आतली जागा एक सप्तमांश उरते, असं गाडीच्या पुस्तिकेत होतं. हे साताला एक गुणोत्तर बरोबर निघालं तर गाडी राहील. नाही निघालं, तर सर हूं की चूं करणार नाहीत.

जेवणं उरकली. गल्ली पेंगत होती. सरांनी खडूने भिंतीवर गणित मांडलं. सिलिंडरचा व्यास सात सेंटिमीटर, त्रिज्या साडेतीन, पिस्टनची धाव नऊ. त्रिज्येचा वर्ग, गुणिले बावीस सप्तमांश, गुणिले नऊ. छेदातला सात असा अलगद उडाला की सरांना गुदगुल्या झाल्या. तीनशे साडेसेहेचाळीस घन सेंटिमीटर! एवढ्याशा पोकळीत त्यांचं अर्धं आयुष्य मावलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या चढणीवर हीच पोकळी धापा टाकत होती आणि सरांच्या खांद्यावर बाईंचा हात होता. तो हात तेवढा त्यांनी कधी मोजला नव्हता.

आता पिस्टन वर आणून त्याच्या डोक्यावरची जागा मोजायची. सरांनी प्लग काढला, भोकातून बाईंची विणायची सुई आत सोडली आणि किक हाताने हळूहळू दाबली. सुई वर आली आणि थांबली. पिस्टन वर! सुई काढून त्यांनी नरसाळं लावलं. स्वयंपाकघरातलं तेल आणि माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं टोपण. सातातला एक भाग वरची जागा आणि सहा भाग धाव, म्हणजे अपेक्षा जेमतेम सहा टोपणांची.

सहा टोपणं गेली. सात, आठ. तेल काही वर दिसेना. दहाव्या टोपणाला गुणोत्तर साडेचारावर घसरलं, विसाव्याला पावणेतीनावर. पण उत्तर आवडलं नाही म्हणून गणित मधेच सोडणं सरांच्या रक्तात नव्हतं. टोपणागणिक गाडी हातची जात होती, आणि तीही आपणच ओतून घालवतोय, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. पस्तिसाव्या टोपणाला गुणोत्तर दोनावर टेकलं.

"अहो, तेलाची बाटली पाहिलीत का?" आतून बाईंचा आवाज आला.

"मोजतोय!"

"तेल?"

"आपलं... गुणोत्तर."

बाई बाहेर आल्या आणि जमिनीकडे बघतच राहिल्या. सायलेन्सरच्या टोकातून तेलाची धार निघून, व्हरांडा ओलांडून, पायरीवर उतरली होती. नेमका त्याच वेळी मिस्त्रीने पायरीवर पाय ठेवला आणि तो आल्या आल्या खाली बसला.

"लागलं का रे?" बाई धावल्या.

"नाही काकू." त्याने बोट हुंगलं. "खायचं तेल? सर, प्लगच्या भोकातून ओतलंत?"

"पिस्टन वर होता!" सर म्हणाले.

"कुठल्या वेळचा वर?"

"म्हणजे?"

"पिस्टन दोनदा वर येतो, सर. एकदा दारं लावून, दाब द्यायला. एकदा दार उघडून, धूर बाहेर घालवायला. तुम्ही दार उघडं असताना ओतलंत. तुम्ही सायलेन्सर मोजलात."

भूमितीत दोनदा नापास झालेल्या त्या विद्यार्थ्याकडे सर आदराने बघत राहिले.

"म्हणजे गाडी चांगली की वाईट?" बाईंनी विचारलं.

"आधी आतलं तेल तर काढू द्या." मिस्त्रीने किक मारली. भोकातून तेलाची चिळकांडी उडाली आणि भिंतीवरचं सगळं गणित वाहून गेलं. त्याने प्लग पुसून लावला. ताजं पेट्रोल सरांनी सकाळीच गुपचूप भरून ठेवलं होतं. "जाता जाता एकदा बघतो," असं म्हणत त्याने पुन्हा किक मारली.

गाडी खोकली. तिसऱ्या किकला चक्क धडधडू लागली. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि तळणीचा खमंग वास गल्लीभर पसरला. पटापट खिडक्या उघडल्या.

"काय तळताय हो?" समोरून कुणीतरी विचारलं.

"तेलाने पिस्टनच्या कडेच्या फटी बुजल्या, म्हणून दाब धरला!" मिस्त्री ओरडला. "पण तेल जळेपर्यंतच हं, सर. मग पुन्हा होती तशी."

"किती वेळ?" गाडीवर बसून सर खिशात खडू चाचपू लागले. "साडेतीनशे मिलिलिटर, त्यातलं बरंचसं बाहेर, म्हणजे..."

खांद्यावर हात पडला. खडू खिशातच राहिला. मागच्या सीटवर बाई बसल्या होत्या. मांडीवर उरलेल्या तेलाची बाटली, मुठीत ते टोपण.

"मग मी कधी येऊ न्यायला?" मिस्त्रीने विचारलं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"चला त्या पहिल्या चढणीवर," बाई म्हणाल्या. "थांबली तर मी ओतते. दार लागलंय की उघडं आहे ते मी बघेन, तुम्ही रस्ता बघा."