कोपरा फाडलेली पुस्तकं

आमच्या वाचनालयातलं कुठलंही रहस्याचं पुस्तक उघडा, पहिल्याच पानावर शिसपेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलेलं असतं. ‘खुनी धाकटा दीर. घाबरू नका.’ ‘खुनी डॉक्टर. बाई वाचते.’ एका जाडजूड कादंबरीवर तर, ‘कोणी मेलं नाही, उगाच चारशे पानं.’ अक्षर चौथीपर्यंतच्या शाळेचं, पण ठसठशीत. ही सगळी गोदाअक्काची कृपा.

गोदाअक्का माझी शेजारीण. वय अठ्ठ्याहत्तर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आमचं गाव भडगावच्या पुढे, गिरणेच्या काठाला. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं आणि दुपारी टेबलाशी बसणारी मी. अक्का पुस्तक घेते ते उलट्या बाजूने. शेवटचं प्रकरण आधी, तेही कपाटाशीच उभ्या उभ्या. गोष्टीत कोणी मेलं असेल तर पहिल्या पानाचा कोपरा टर्रकन फाडते, पेन्सिलीने खुलासा लिहिते आणि मग पुस्तक घरी नेऊन पहिल्यापासून निवांत वाचते.

कोपऱ्याचं असं, की पूर्वी मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून ते पेटीत टाकत. पोस्टमनने हातात दिलं की अक्षर वाचायच्या आधीच बाईला कळायचं, आणि ती भिंतीला टेकून खाली बसून घ्यायची.

“कार्ड लिखनारासले एवढी अक्कल व्हती,” अक्का म्हणते, “या पुस्तकवालासले काब्र नही? तीनशे पानं मानूसना जीव टांगी ठेवतस!”

आमचे हेडमास्तर आबा, आता निवृत्त, एकदा चांगलेच चिडले. “अक्का, खुनी मी स्वतः शोधणार होतो!”

“आबा, तुमले घरमा चष्मा सापडत नही. खुनी काय सापडी?”

खरं सांगू का, आता लोक आधी अक्काचा शेराच बघतात. शेरा नसेल तर पुस्तक पुन्हा कपाटात.

यंदा थंडीत एक नवी कादंबरी आली. डोंगराच्या पायथ्याचं आडबाजूचं गाव. एक माणूस सकाळी बाजाराला म्हणून निघतो आणि परत येत नाही. बस, एवढंच. पुढची शंभर पानं त्याची बायको त्याचं ताट झाकून ठेवते, उघडून बघते, पुन्हा झाकते. मागच्या बाजूला छापलेलं, ‘हळूहळू पेट घेणारं रहस्य’. अक्काने ते वाचलं आणि म्हणाली, “हळूहळू? चुल्हामा ओल्या पऱ्हाट्या शेतस का?”

मग सवयीने शेवट उघडला, तर शेवटच नाही! बांधणाऱ्याच्या हातून मागची सोळा पानं राहून गेलेली. दाराची कडी वाजते, बायको उठते, आणि पुस्तक संपतं. अक्काने ते उलटं धरून झटकून पाहिलं, जणू पानं पदरात पडतील.

“इमल, मंग तो उना का नही उना?”

“मला काय माहीत, अक्का!”

जन्मात पहिल्यांदा अक्काला शेवट माहीत नसताना पुस्तक वाचत जावं लागलं. आठ दिवस लागले. रोज दुपारी येऊन माझी झडती घ्यायची. “त्यानी चप्पल कोनती घालेल व्हती? नवी घालेल व्हई ते लांब गया.” “पिशवी एकच लिधी ना? मंग येवाना व्हता तो.” मला मोबाइलवरून प्रकाशकांकडे फोन करायला लावला. ते म्हणाले, नवी प्रत पाठवतो.

आबांना संधीच सापडली. “काय अक्का, आता तुमचा जीव टांगला ना?”

अक्काने कादंबरी पदराखाली घेतली आणि तडक घरी निघून गेली. मग आबांनाही आठवलं, आणि त्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. तो उलटा होता.

अक्काचा नवरा चाळीस वर्षांपूर्वी सुरतेला कापडाच्या मागावर कामाला जातो म्हणून गेला. एक पिशवी घेऊन. पोचलो की कार्ड टाकतो म्हणाला होता. एकदा आम्ही उडदाचे पापड लाटत होतो तेव्हा, विचारलं नसताना, ती म्हणाली, “माले ना अख्खं कार्ड उनं, ना फाडेल.” आणि लगेच पिठाचं बोट चाटून, “मीठ कमी शे.” कुंकू मात्र रोज लावते. कोणी काही सुचवायला गेलं की त्याला चहा पाजते आणि वाटेला लावते.

नवव्या दिवशी तिने कादंबरी टेबलावर ठेवली. मी पहिलं पान उघडलं. कोपरा शाबूत. खाली पेन्सिलीने, ‘माणूस घरी येतो. घाबरू नका.’

“अक्का, अगं शेवट तर नाहीच ना यात...”

“कडी वाजनी ना?” ती चप्पल घालत म्हणाली. “घरना मानूसच वाजाडस कडी.”

मागच्या आठवड्यात नवी प्रत आली. शेवटची सोळा पानं मी अक्कासारखीच उभ्या उभ्या वाचली. तो येत नाही. कडी वाजवणारा पोलीस असतो. रीतीप्रमाणे हात कोपऱ्याकडे गेला, पण फाडवेना. प्रत पिशवीत घातली, घरी नेली आणि ज्वारीच्या कोठीमागे ठेवली. वाचनालयाचं पुस्तक असं लपवायचं नसतं, हे मलाच लोकांना सांगावं लागतं.

काल अक्काने सगळ्यांसमोर विचारलं, “इमल, ते नवं पुस्तक उनं का?”

“नाही गं.”

आबा मान वर करून माझ्याकडे बघायला लागले. पार्सल आलं त्या दिवशी मी जरा उशिरा आले होते, सही करून ते त्यांनीच घेतलं होतं. मी उगाच नोंदवही उघडली.

“अलीकडे पार्सलांचं काही खरं नाही,” आबा म्हणाले, आणि अक्काच्या शेऱ्याची ती जुनीच प्रत त्यांनी आपल्या नावावर लिहायला सांगितली.