साठच्या पुढची थरथर

जगात जे काही बिघडतं ते कोन चुकल्यामुळे बिघडतं, असं जावयाचं ठाम मत होतं. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता आणि दिवसभर कोनच मोजायचा. घरात दार कुरकुरलं, टेबल डुगडुगलं, की हा भुवई वर करून म्हणायचा, "कोन. बाकी काही नाही." त्यामुळे पिकअपमध्ये चढताना सासऱ्यांचे गुडघे बोलतात हे कळल्यावर त्याने जेवता जेवता जाहीर करून टाकलं, "गाडीच खाली आणू की, बाबा. चांगली चार बोटं. एका सुट्टीचं काम आहे, माझ्या डाव्या हातचा मळ!"

सासऱ्यांनी पस्तीस वर्षं मालाचे ट्रक चालवले होते. बोलायचे कमी, आणि जावयाला 'तुम्ही'शिवाय कधी हाक मारायचे नाहीत. "करा," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले."

जावयाने एका सुट्टीत मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर लोखंडी ठोकळे बसवून गाडी खाली आणली. पुढची बाजूही जुळवून घेतली. मग हात पुसत म्हणाला, "कोन पक्का आहे, बाबा. डोळे मिटून चालवा." सासरे डोळे उघडे ठेवूनच निघून गेले.

पुढचे काही दिवस सासरे गप्प गप्प होते. तसे ते एरवीही गप्पच असायचे, पण आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे आणि रिकाम्या वेळी स्वतःच्या पंजांकडे बघत बसायचे. जावयाला वाटलं, कामाचं कौतुक कसं करावं ते सुचत नसेल.

मग एक दिवस बायको स्वयंपाकघरात त्याच्याशी हळू आवाजात बोलली. "बाबा डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, साठच्या पुढे गेलं की हात थरथरतात. डॉक्टर म्हणाले, साठच्या पुढे गेलं की चालायचंच. गोळ्या दिल्यात." तिचे डोळे भरून आले. "गाडी विकतायत. पुढच्या रविवारी अकराला गिऱ्हाईक येणार आहे. गाडी गेल्यावर बाबा दिवसभर करणार काय रे?"

जावयालाही वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी तो सिमेंटची दोन पोती आणायला तीच पिकअप घेऊन बाहेर पडला. मोठ्या रस्त्याला लागला, काटा साठवर गेला आणि त्याचे हात थरथरायला लागले.

तो घाबरला. सासऱ्यांशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं, तेव्हा हे आनुवंशिक असणं शक्य नव्हतं. मग संसर्गजन्य असेल? परवाच त्याने सासऱ्यांचा टॉवेल वापरला होता. त्याने वेग कमी केला, हात शांत झाले. पुन्हा साठ केला, पुन्हा थरथर. तेवढ्यात त्याचं लक्ष शेजारच्या सीटवरच्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. तीही थरथरत होती, आणि तिला कुठलाच आजार होण्यासारखा नव्हता.

म्हणजे रोग गाडीला होता, आणि तो लावणारा वैद्य स्टिअरिंगमागे बसला होता.

सरळ घरी जाऊन सांगावं, तर अब्रू जायची. आधी गुपचूप दुरुस्त करू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. गाढवपणाची सुरुवात नेहमी अशाच शहाण्या विचाराने होते. त्याने चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. थरथर होतीच. साठवर गाडी न्यूट्रल केली, तरीही होतीच, म्हणजे इंजिन सुटलं. राहिला शाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा तो लांब दांडा. त्याच्या दोन टोकांचे कोन जुळले नाहीत की तो धडपडत फिरतो, असं त्याने वाचलं. कोनाचंच निघालं म्हटल्यावर त्याला जरा बरंही वाटलं.

सोमवारी त्याने गाडी जॅकवर उचलली, खाली शिरून कोन मोजले आणि स्प्रिंगच्या पाट्यावर एक पाचर मारली. लोखंडाची पातळ, एका बाजूने जाड अशी पट्टी. बायकोने विचारलं तर म्हणाला, "तेल बघतोय."

मंगळवारी सासरे गाडी घेऊन गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. चेहरा पांढराफटक पडला होता. बायको जावयाला म्हणाली, "तू बरोबर जा. डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकून ये." दोन दिवसांनी वेळ मिळाली.

डॉक्टरांच्या खोलीत जावई खुर्चीच्या टोकावर बसला.

"आधी साठच्या पुढे व्हायचं," सासरे म्हणाले. "आता चाळीसलाच सुरू होतं."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "म्हणजे तुम्हाला हे चाळिशीपासून आहे?"

"नाही हो. मंगळवारपासून."

"आणि साठला काय झालं होतं?"

"आता साठपर्यंत जायची हिंमतच होत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि जावयाला विचारलं, "यांचं वय काय?"

"सहासष्ट."

"मग साठी झालीच की यांची." ते पुन्हा सासऱ्यांकडे वळले. "हात पुढे करा बघू."

सासऱ्यांनी हात पुढे केले. ते भिंतीतल्या खुंट्यांसारखे स्थिर होते.

"आत्ता तर काहीच नाही."

"आत्ता उभा आहे ना मी एका जागी," सासरे बसल्या बसल्या म्हणाले.

आता मात्र जावयाला राहवेना. "डॉक्टर, खरं तर हे सगळं कोनाचं आहे..."

"कोणाचं?"

"कोनाचं."

"तेच विचारतोय, कोणाचं?"

"कोनाचं हो! चुकलेल्या!"

"चूक कोणाचीच नसते," डॉक्टर मायेने म्हणाले, "वय कोणाला चुकलंय?" त्यांनी गोळ्या दुप्पट केल्या. जाता जाता जावयालाही म्हणाले, "तुम्हीही झोप नीट घेत जा."

शुक्रवारी जावई कचेरीला दांडी मारून शाफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेला. त्यांना सगळे तोलबाई म्हणायचे. त्यांनी हकीगत ऐकली, वाकून गाडीखाली बघितलं आणि विचारलं, "मोजताना गाडी चाकांवर उभी होती की जॅकवर लटकत होती?"

"लटकत."

"खुंटीवरच्या शर्टावरून माणसाचं पोट किती सुटलंय ते कळतं का? गाडी चाकांवर उभी करायची, अंगावर वजन घेऊ द्यायचं, मग मोजायचं." त्यांनी मोजलं. "गिअरबॉक्स तीन अंश खाली बघतोय, तर शाफ्टच्या मागच्या टोकाने तीन अंशच वर बघायला हवं. दोघं समांतर राहिली पाहिजेत. तुमचं मागचं टोक सातवर बघतंय, नाक वर करून. आणि ही पाचर कोणी मारली?"

"मी."

"उलटी मारलीत."

तोलबाईंनी पाचर फिरवली, चाकांवर उभ्या गाडीत कोन पुन्हा मोजले आणि नट आवळले. चहा निवायच्या आत काम झालं.

रविवारी सकाळी सासरे म्हणाले, "शेवटची एक फेरी मारून येतो." जावई न विचारता शेजारी जाऊन बसला.

चाळीसला सासऱ्यांनी दात आवळले. पन्नास झाले, मग साठ, मग सत्तर. स्टिअरिंग शांत होतं आणि हातही शांत होते. सासऱ्यांनी किती तरी दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला. डोळ्यांत पाणी होतं. "गोळ्यांना गुण आला हो, जावईबापू."

जावयाच्या मनात आलं, देवच पावला. काही सांगायची गरजच उरली नाही. "मग आता विकायची नाही ना, बाबा?"

"विकायचीच. गोळीवर चालणाऱ्या हातांचा काय भरवसा? एखाद्याचा जीव जायचा."

यावर गप्प बसणं जावयाला जमलं नाही. ठोकळे, जॅक, उलटी पाचर, तोलबाई, त्याने सगळं एका दमात ओकून टाकलं. "तुमच्या हातांना काही झालंच नव्हतं, बाबा. एक दिवससुद्धा नाही."

गाडी हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. सासऱ्यांनी दोन्ही पंजे समोर धरून बराच वेळ बघितले.

"पहिल्याच दिवशी वाटलं होतं मला, गाडीत आहे म्हणून," ते म्हणाले. "पस्तीस वर्षांत एवढं कळत नाही होय? पण तुम्ही म्हणालात, कोन पक्का आहे. म्हटलं, शिकलेला माणूस, मोजून केलंय. मग राहिले कोण? माझे हात."

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो, बाबा."

"उतरा, जावईबापू."

"काय झालं? मागे काही वाजतंय का?"

"काही वाजत नाही. उतरा." जावई उतरला. सासऱ्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "अकराला गिऱ्हाईक येईल. गाडी विकायची नाही म्हणून सांगायला मला वेळेवर पोचायला हवं. तुम्ही या चालत. नऊच किलोमीटर आहे."

गाडी निघाली. जावयाने सवयीने कान दिला. चाळीस झाले असतील, साठ झाले असतील, सत्तरही झाले असतील, पण कुठे थरथर नाही की खडखड नाही. असं काम झालेलं बघून त्याचा जीव सुखावला. मग वळणावर गाडी दिसेनाशी झाली, आणि त्याच्या लक्षात आलं की कोन एवढा तंतोतंत बसवला नसता, तर राग निवळून त्याला घ्यायला मागे वळायच्या आत सासरे इतक्या लांब तरी पोचले नसते.