पीटरसनसाहेबांचा देव आणि आमचे इनासकाका

इनासकाकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक छोटी बाटली असायची. खोकल्याच्या औषधाची असते ना, तेवढी. दिवस दारूबंदीचे, त्यामुळे बोईसर स्टेशनवरच्या हवालदाराने ती कितीदा हुंगली असेल कोण जाणे. आत निव्वळ पाणी! तेही देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, फादरने मंतरलेलं. "कशाला बाळगतोस रे?" असं हवालदाराने विचारलं की काका छातीवर क्रूस काढत म्हणायचे, "आन् आता आपुन मेलो तर?"

हे त्यांचं पालुपद. रूळ ओलांडताना, काट्याचा मासा खाताना, खडीच्या ट्रकमध्ये चढताना, अगदी दाढी करायला बसतानासुद्धा न्हाव्याला आधी हेच ऐकवायचे. न्हावी बिचारा वस्तरा खाली ठेवून आधी देवाचं नाव घ्यायचा.

मी सांगलीकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा ड्राफ्ट्समन म्हणून आलो आणि बोईसरला काकांच्या शेजारची खोली घेतली. काका वसईकडचे ख्रिस्ती, बायको, नातलीन, वारलेली, हाताला अशी चव की विचारू नका. पोटासाठी इकडे आलेले. पण माणूस भित्रा म्हणजे किती असावा? अणुभट्टीचा अजून नुसता पाया खणत होते, तर हे कोंबड्यांना तारापूरकडे तोंड करून बसू देत नसत. अंड्यांतून अणू येतो म्हणे!

बांधकामावरच्या अमेरिकन इंजिनिअरांसाठी बंगले उठले, त्यांतल्या एका बंगल्यात, पीटरसनसाहेबांकडे, काकांना स्वयंपाक्याची नोकरी लागली. साहेब ख्रिस्ती, तेव्हा काका निर्धास्त. आठवडा झाला नाही तोच धापा टाकत माझ्या दारात.

"देसाईभाऊ, घात झाला! सायेब दारू पीत नाय!"

"मग बरंच की!"

"चा पन पीत नाय! कॉफी नाय, सिग्रेट नाय. आन् घरात क्रूस नाय, भाऊ! आसला कुटं ख्रिस्ती आसतो?"

साहेब निघाले मॉर्मन नावाच्या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचे, त्यांच्यात यातलं काही चालत नाही. हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबांना विचारून रोज संध्याकाळी काका एकेक नवी धास्ती घेऊन यायला लागले. बायबलाशेजारी दुसराच एक ग्रंथ ठेवलाय, तोही देवाचाच म्हणे. काकांना लहानपणापासून शिकवलेलं, की बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच. साहेबांच्या मते हे तिघे वेगवेगळे आणि देवबापाला तर हाडामांसाचं शरीर.

"हाडामांसाचं? मंग देवाला सर्दी पन व्हत आसंल!"

"मला काय विचारता काका? आमच्या देवाला हत्तीचं तोंड आहे."

"तुमचं येगळं हो. तुमी नरकात जायाचं ते जानारच," काका मोठ्या मायेने म्हणाले, "माजं काय?"

आता बोला!

साहेबांच्या पंथात म्हणे देवाच्या मंदिरात लावलेलं लग्न मेल्यावरही सुटत नाही. "आमच्यात फादर म्हनतो, मरेपर्यंत. हितं मेल्यावर पन सायेब सायबिनीच्या मानेवर!" असं म्हणून काका खो खो हसले. मग म्हणाले, "माजी नातलीन भेटली तर बरं व्हईल म्हना."

एवढी धास्ती होती तर नोकरी सोडावी की नाही? ते नाही. काकांनी साहेबांची परीक्षाच घेतली. सरबतात त्या बाटलीतले चार थेंब टाकले आणि पडद्याआड उभे राहिले. सैतान असता तर घसा भाजून किंचाळला असता. साहेबांनी ग्लास संपवला आणि आणखी एक मागितला.

त्याच संध्याकाळी काका माझ्याकडे आले. नेहमीसारखे धापा टाकत नाही, अगदी हळू. "भाऊ, रयवारी माज्यासंगं बंगल्यावर चला. एकच गोष्ट इचारायचीय. नीट इंग्लिशात."

साहेब व्हरांड्यात बसले होते. भला थोरला, लालबुंद, गरीब गाईसारखा माणूस. काका हातातला फडका पिळत राहिले, पिळत राहिले, आणि एकदाचे बोलले, "बाप्तिस्मा न व्हता तान्हं पोर गेलं, तर ते कुटं जातं?"

मी इंग्रजी केलं. साहेबांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, तान्ह्या मुलाला पाप नसतंच, मग धुवायचं काय? आम्ही मूल आठ वर्षांचं होईपर्यंत बाप्तिस्मा देतच नाही. त्याआधी गेलं, तर ते ख्रिस्ताच्या कृपेत सुखरूप असतं.

मी हे मराठीत सांगितलं आणि वाटलं, काका आता आनंदाने उडी मारणार. कसलं काय! चेहरा पांढराफटक. फडका तिथेच टाकून स्वयंपाकघरात पळाले.

परतीच्या वाटेवर, चालता चालता, ते बोलायला लागले. "मुलगी झालेली मला. निळी पडाया लागली. पोर असं जायाला लागलं तर कुनी पन पानी वतून बाप्तिस्मा दिला तरी चालतो, देवाला चालतो. पानी तांब्यात व्हतं, भाऊ. हातभर अंतरावर. पन मला भ्या वाटलं. आपुन पापी मानूस, शबुद चुकला, हात चुकला तर? म्हनून फादरला आनाया धावलो. फादर आला, तवर..."

मला राग आला, आणि कुणाचा ते कळेना.

"पण काका, साहेब तर चांगलंच म्हणाले की!"

"तेच तर! फादरचं खरं धरलं, तर ती मदल्या जागंत. दुख नाय, पन देवाचं तोंड दिसत नाय. म्हंजे मी सोर्गात गेलो तरी ती तितं नाय. सायबाचं खरं धरलं, तर ती देवापाशी. पन सायबाचं धरनारा मी पाखंडी, मी जानार नरकात. म्हंजे तवा पन ताटातूट. दोन देवळं, दोन वाटा, आन् कुटल्याच वाटंवर माजी पोर मला भेटत नाय. मंग मला मरनाची भीती वाटंल का नाय?"

इतके दिवस आम्ही ज्या भित्रेपणाला हसत होतो, तो हा होता.

नोव्हेंबरात त्यांच्यात मृतांचा दिवस असतो. काका म्हणाले, एकटा जायाला भ्या वाटतं, चला. त्यांच्या गावी दफनभूमीत अख्खा गाव जमलेला, कबरींवर झेंडूची फुलं, मेणबत्त्या. नातलीनकाकूंच्या कबरीवर काकांनी मेणबत्ती लावली, प्रार्थना केली. मग माझा हात धरला.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना आत जागा नव्हती. त्यांना कुंपणाच्या भिंतीबाहेर पुरायचे. तिकडे त्या दिवशीही कुणी फिरकत नसे, पाहणाऱ्यांना काय वाटेल म्हणून. काका सगळ्या गावादेखत फाटकातून बाहेर पडले, भिंतीला वळसा घालून एका करवंदीच्या जाळीपाशी गेले आणि गुडघे टेकून बसले. फादर फाटकापर्यंत आले, बघत उभे राहिले. काकांनी त्यांना पाहिलं. मला वाटलं, आता हे उठून पळणार. ते उठले नाहीत. मातीत मेणबत्ती रोवली आणि काडी ओढली. फादर थोड्या वेळाने वळून आत गेले.

वारा होता. काका ज्योतीभोवती ओंजळ धरून बसले. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "नाव काय हो तिचं?"

"नाव बाप्तिस्म्यात ठेवत्यात. तिचं ठेवलंच नाय."

मग मातीकडे वाकून, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "मी मोनी म्हनतो. नातलीनला पन कदी सांगितलं नाय."