चौथ्या खड्ड्याची घंटा

"बाबा, आज दुपारी बारा वाजेपर्यंत चिडायचं नाही," गाडीतून उतरता उतरता मुलीने बजावलं.

"मी कशाला चिडेन?" घड्याळकाका चिडून म्हणाले.

समुद्राकाठचा तो गोल्फ क्लब म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली, नऊ खड्डे आणि जिकडेतिकडे वाळू. नोकरचाकर कुणी नाही. गवत कापण्यापासून खिडक्या पुसण्यापर्यंत सगळं सभासदच करायचे. खोलीमागचं स्वयंपाकघर चार वर्षं कुलूप लावून पडलं होतं. बेकरीतली नोकरी गेल्यापासून मुलीचा त्या कुलपावर डोळा होता. तिला तिथे चहा-नाश्ता सुरू करायचा होता, आणि द्यायचं की नाही ते कमिटी आज बाराला ठरवणार होती. कमिटीला चव कळावी म्हणून ती चार किटल्या चहा, साठ उकडलेली अंडी आणि लोणी लावलेले पाव घेऊन आली होती.

तिचे सासरेच क्लबचे सेक्रेटरी. पण सुनेची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून ते गप्प राहणार होते. कमिटीतले दातांचे डॉक्टर मात्र गप्प राहणार नव्हते. "लोक येतात, खेळतात, घरी जाऊन जेवतात. इथे कुणाला भूक लागते?" हे त्यांचं म्हणणं गावभर झालं होतं.

"सुनेसाठी तोंड उघडायला काय होतं व्याह्यांना?" काकांनी विचारलं.

"बाबा."

"बरं. बारापर्यंत."

घड्याळकाकांनी एकतीस वर्षं शाळेत घंटा दिली होती. त्यांच्या टोल्यावर लोक घड्याळं लावायचे. एकदा एका बड्या साहेबाने गंमत म्हणून दहा मिनिटं आधीच घंटा बडवली, तर काकांनी आतला लोलक काढून खिशात घातला. दिवसभर दर तासाला तो लावायचा, टोल द्यायचे, पुन्हा खिशात. संध्याकाळी साहेब माफी मागून गेले. ही गोष्ट मुलीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तिला ती पाठ होती. त्याच घंटेपायी काकांचा उजवा कान गेला, आणि तेव्हापासून ते जरा मोठ्याने बोलायचे.

मुलगी खोलीत टेबल मांडायला गेली आणि व्याही काकांना मैदान दाखवायला घेऊन निघाले. पहिल्या खड्ड्यापाशी काका म्हणाले, "गवत छान राखलंय हो." व्याह्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽ. कुणी चेंडू मारत असताना बोलायचं नाही."

काकांनी मान डोलावली. दुसऱ्या खड्ड्यापाशी त्यांना खोकला आला, तर काठीवाल्या तिघांनी मागे वळून पाहिलं आणि व्याह्यांनी पुन्हा "शूऽ" केलं. तिसऱ्यापाशी काकांनी "किती वाजले असतील?" एवढंच विचारलं, तर दोनदा.

"व्याहीबुवा, मी काय तान्हं बाळ आहे?"

"राग मानू नका," व्याही कुजबुजले. "तुम्ही असं करा, त्या वाळूच्या टेकाडापलीकडे बाक आहे, तिथे निवांत बसा. मी आलोच. फक्त तिथेही एक शब्द बोलू नका."

पाहुण्याला घरी बोलावून तोंड बंद ठेवायला सांगायचं, याला पाहुणचार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. काकांच्या कानशिलाची शीर तडतड उडत होती. पण लेकीला शब्द दिला होता. ते मुकाट्याने टेकाड ओलांडून बाकावर जाऊन बसले.

बाकाशेजारीच एका खांबाला पितळी घंटा टांगलेली होती.

चौथ्या खड्ड्यात चेंडू घालून तिघं जण आले आणि त्यांनी दोरी ओढली. ठण. काकांचा चांगला कान त्याच बाजूला होता. सात मिनिटांनी दुसरे आले. ठण. मग चार मिनिटांनी. मग अकरा. काका घड्याळात बघत राहिले. ना तास, ना अर्धा तास, ना कसलं ताळतंत्र. माणसाने साधं खोकायचं नाही, आणि घंटा कुणीही, कधीही, कशीही बडवायची. वर एक जण तर दोनदा ओढून हसला.

हसला नसता तर कदाचित पुढचं टळलं असतं. काका उठले, एका झटक्यात लोलक काढला, डाव्या खिशात घातला आणि परत येऊन बसले. एकतीस वर्षांचा हात होता, कुणाला कळलंही नाही.

थोड्या वेळाने दातांचे डॉक्टर दोन सोबत्यांसह आले, चेंडू घातला आणि दोरी ओढली. घंटा गप्प. डॉक्टरांनी खाली वाकून आत पाहिलं. "लोलक कुठाय?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. एक शब्दही बोलायचा नव्हता ना?

आता घोळ असा होता, की टेकाडापलीकडून चेंडू मारणाऱ्याला अलीकडचं काही दिसत नाही. अलीकडचे खेळून बाजूला झाले की घंटा देतात, मगच पलीकडचे मारतात. दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरांच्या टाळक्यात चेंडू बसला होता, त्यानंतर हा नियम झाला आणि तो त्यांनीच लिहिला. डॉक्टरांनी ओरडून पाहिलं, पण वारा उलटा होता. मग ते टेकाडावर चढून हात हलवू लागले. पलीकडच्यांना टेकाडावर माणूस दिसला, म्हणजे अजून वाट मोकळी नाही. त्यांनीही नम्रपणे हात हलवला आणि वाट पाहत उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी चार, त्यांच्या मागे आणखी सहा. शेवटी व्याही धापा टाकत स्वतः बघायला आले.

"घंटेशिवाय कुणी मारायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "नियम म्हणजे नियम. लोलक शोधा."

सगळा क्लब टेकाड ओलांडून आला आणि गुडघ्यांवर बसून वाळू उपसू लागला. अठरा माणसं. काकांचा विचार होता की हळूच लोलक वाळूत टाकून द्यावा, पण टाकायला हातभर रिकामी वाळू उरली नव्हती. साडेअकरा होत आले. आता कबूल करावं तर मुलीच्या बापानेच क्लब बंद पाडला, असं होणार. काकांना स्वतःचाच इतका राग आला की व्याह्यांवर चिडायचंही सुचेना.

तेवढ्यात मुलगी आली. खोलीत कुणी फिरकेना म्हणून ती बघायला निघाली होती. तिने वाळूतली माणसं पाहिली, बिनजिभेची घंटा पाहिली आणि मग बापाची एका बाजूला ओढलेली पँट पाहिली. ती तशीच मागे वळून खोलीकडे निघून गेली. काका बाकावर खचून बसले.

दहा मिनिटांनी ती ढकलगाडीवर किटल्या, अंडी आणि पाव घेऊन परत आली. उन्हात दीड तास अडकलेली माणसं वाळूचे हात झटकत गाडीभोवती जमली. डॉक्टरांनी आधी नुसता चहा घेतला. मग एक अंडं. मग दोन पाव. मग ते पुन्हा अंड्यांकडे वळले.

मुलगी कप घेऊन काकांजवळ आली आणि त्यांच्या चांगल्या कानाशी वाकली. "कुठल्या खिशात?"

"डाव्या," काका पुटपुटले. "चुकलं गं माझं. आत्ता सगळ्यांसमोर देतो काढून."

"हात लावू नका. अजून दीड किटली शिल्लक आहे."

काकांनी लेकीकडे पाहिलं. "ही लबाडी कुणाकडून शिकलीस?"

"चहा घ्या, निवतोय."

कमिटीचे पाचही जण तिथेच होते, तेव्हा खोलीपर्यंत कशाला जायचं, असं कुणीतरी म्हणालं. तोंडात पाव असल्यामुळे डॉक्टरांनी विरोध हाताने करायला हवा होता, पण त्यांनी तो हात होकारासाठी वर केला. व्याह्यांनी खिशातून किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली. त्यांचे डोळे जरा ओले दिसले. वाळू गेली असेल.

मुलीने बापाला खूण केली. "बाबा, आता."

काकांनी मनगटावर पाहिलं. "अजून दोन मिनिटं आहेत."

ते घंटेपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. आत हात घातला, लोलक अडकवला, घड्याळाचा काटा जागेवर येऊ दिला, आणि मग शांतपणे, सारख्या अंतराने टोल द्यायला लागले. एक. दोन. तीन. माणसं कप हातात धरून बघत राहिली.

"अहो व्याहीबुवा, कुठे सापडला?" व्याह्यांनी पाचव्या टोल्याला विचारलं.

काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"शूऽ," ते म्हणाले, आणि सहावा टोल दिला.