विमानातल्या इंदूताई

पेणच्या स्थानकावर रोह्याची एस.टी. लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. इंदूताई दाराशी बाजूला उभ्या राहत, हात जोडत आणि चढणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "नमस्कार, या." म्हातारीची पिशवी वर पोचवत, लेकुरवाळीला "सावकाश, पायरी उंच आहे" सांगत आणि सगळे चढले की शेवटी स्वतः चढत. तोवर अर्थातच बसायला जागा उरलेली नसे.

एकदा कंडक्टर वैतागला. "ओ मावशी, गाडी माझी हाय का तुमची?"

"तुमचीच," इंदूताई म्हणाल्या. "पण सकाळपासून या लोकांना कोणी 'या' म्हटलंय का?"

तो पुटपुटत घंटीच्या दोरीकडे गेला. पुढच्या आठवड्यात मी त्याच गाडीने जात होतो. तो दारात उभा राहून ओरडत होता, "या, या! लवकर या! काय वरात हाय काय?" अर्धा का होईना, धडा पोचला होता.

इंदूताई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. आमची घरं एकाच भिंतीची. त्यांच्याकडे कपाटाचं दार बंद झालं की माझ्याकडे ऐकू येई. आणि ते बंद झाल्यावर त्या ते तळव्याने दोनदा दाबून बघत, तेही ऐकू येई. आयुष्यातली उमेदीची वर्षं त्यांनी विमानात काढली होती. विमान वर-खाली झालं की उघड्या कपाटातलं सामान कोणाच्या तरी डोक्यावर येतं, ही गोष्ट पेणमध्ये तळमजल्यावर राहायला आल्यानंतरही त्यांचे हात विसरले नव्हते. चहाचा कप त्या कधी काठोकाठ भरत नसत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो की अक्षता हातात घेण्याआधी मला म्हणत, "मास्तर, दारं बघून ठेवा. एक आपल्या मागे, एक आचाऱ्यांच्या बाजूला."

हवाई सुंदरी हा शब्द त्यांना खपत नसे. "सुंदरीचं राहू द्या. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, ते कोणत्या सुंदरीचे सुजतात?"

"बघते हं मी," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. विमानात एखादा प्रवासी अशक्य काही मागू लागला की त्या हेच म्हणत. आमच्या सोसायटीतही त्या 'बघते हं मी' म्हणाल्या, की काम होणार नाही एवढं समजावं. मात्र नकार ऐकल्यासारखं कोणालाच वाटत नसे.

माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. या नोकरीचं नाव त्या घरात कधी धड उच्चारलं गेलं नाही. आई लोकांना सांगे, "विमानतळावर ऑफिसात हाय." एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, विमानात दारूसुद्धा वाढावी लागते का? आई घाईने म्हणाली, "नाय नाय." इंदूताई म्हणाल्या, "हो." लग्न तिथेच मोडलं. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, आणि दुसऱ्या कोणीही काढला नाही.

धाकटा भाऊ हरीभाऊ. ते बहिणीला गणपतीला बोलावत, भाऊबीजेला ओवाळून घेत. ते तिच्याशी बोलत. तिच्याबद्दल बोलत नसत. इंदूताईंना हे कळत होतं. मी एकदा तसं म्हणालो तर माझ्या कपात चहा ओतत म्हणाल्या, "बघते हं मी."

निवृत्त झाल्यावर त्या रविवारी मुलींना हेच काम शिकवू लागल्या. रोह्याच्या, नागोठण्याच्या, आसपासच्या गावांतल्या मुली यायच्या. त्यांच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या दोन ओळी, मधे वाट, आणि प्रवासी म्हणून मी. इंग्रजी जमे, चालणं जमे. अडायचं ते एकाच ठिकाणी. मी "नको" म्हटलं की मुली माझ्या ताटलीत आणखी वाढायच्या.

त्यांची तरी काय चूक? आमच्याकडे पंगतीत पाहुणा नको म्हणाला की वाढणाऱ्याला चेव येतो. पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून भात वाढतात, आणि तसं केलं नाही तर पाहुणा घरी जाऊन नावं ठेवतो. इंदूताई कपाळाला हात लावत. "अगं, तो माणूस नको म्हणाला ना! पट्टा बांधून बसलाय, पळून कुठे जाणार?" त्या रविवारांनी माझं वजन वाढलं.

भावाची मुलगी स्वाती त्यांतलीच. कॉलेजसाठी आत्याकडे राहायची. उंच, शांत, डोळ्यांत हसणारी. तिला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून. पहिल्या मुलाखतीला सगळं पार पडलं: टाचा उंचावून वरच्या खुणेला हात लागला, हातावर डाग नाही हे बघून झालं, इंग्रजीही झालं. शेवटी एका परीक्षकाने प्रवासी होऊन सँडविच नाकारलं. स्वातीने ते त्याच्या ताटलीत ठेवलंच, आणि वर म्हणाली, "एवढंसं तर आहे, सर."

तिथेच ती बाद झाली.

हरीभाऊ पेणला आले तेव्हा मीही तिथे होतो. "झालं ना आता? खांब गावचं स्थळ आलंय. पोरगा कंपनीत हाय, शिफ्ट हाय, घर हाय."

"तिला आणखी एकदा बसू दे, हरी."

"कशाला गो ताय? लोकांची उष्टी उचलायला?"

"गावच्या उत्सवाला कमरेला पंचा बांधून पत्रावळ्या कोण उचलतं?"

"ती आपली माणसं. आन् मी पगार नाय घेत."

"म्हणजे पगार घेतला की उष्टं जास्त उष्टं होतं?"

हरीभाऊ पायातल्या वहाणेकडे बघत म्हणाले, "एकदा. शेवटचं. मी सोबत जानार. नाय झालं तर खांबवाल्यांना होकार कळवतो."

मुंबईच्या ज्या हॉटेलात मुलाखती होत्या, तिथे हरीभाऊ सकाळपासून इतर बापांबरोबर बसून होते. हे पुढे स्वातीनेच मला सांगितलं. वाढण्याचं काम म्हणजे मागितलं की मिळणार, अशी त्यांची समजूत. आणि इथे शेकडो मुली आत जात होत्या. कोणी उंचीवर, कोणी कोपराजवळच्या भाजल्याच्या डागावर, कोणी नुसत्या बोलण्यावर परत फिरत होत्या. एक मुलगी तर हरीभाऊंच्या शेजारी बसूनच रडली. त्यांनी तिला खिशातला रुमाल दिला आणि कोणाला तरी विचारलं, "वाढायला एवढी परीक्षा?"

स्वाती निवडली गेली.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "काय इचारलं तुला?"

"विचारलं, प्रवाशाने चुटकी वाजवून बोलावलं तर काय करशील? मी आत्याने शिकवलं तेच सांगितलं. जवळ जायचं, आपलं नाव सांगायचं आणि त्याचं नाव विचारायचं. नाव सांगितल्यावर माणसाला चुटकी वाजवायला जड जातं."

हरीभाऊ म्हणाले, "तायला चुटकी वाजवून बोलवायचे?"

"रोज, बाबा."

पेण आलं. स्वातीला आत्याकडे सोडून ते दारातूनच गावी गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खांबवाल्यांचे फोन चालूच होते.

मग पोलीस पडताळणी आली. हवालदार गावच्या घरी चौकशीला येणार होते, आणि मुलगी पेणला राहत असल्यामुळे तिथलं ओळखणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. इंदूताईंनी मला जायला सांगितलं.

"तुम्हीच का नाही जात?" मी विचारलं.

"मी समोर असले तर तो मला बरं वाटावं म्हणून बोलेल. त्याला त्याचं ठरवू दे." आणि बंद असलेलं कपाट त्यांनी पुन्हा एकदा दाबलं.

हरीभाऊंच्या ओटीवर हवालदार बसले होते. खुर्चीवर मी, दाराशी स्वाती, आणि पोलीस आले म्हणून जमलेले शेजारी. वाडीतले तुकाराम आजोबा सगळ्यांत पुढे.

"मुलगी काय करणार?" हवालदारांनी विचारलं.

"लिवा ना, ऑफिसात," तुकाराम आजोबाच बोलले. "इमानतळाच्या ऑफिसात. व्हय ना, रं हरी?"

ते मदतच करत होते. गावाने त्या घराला इतकी वर्षं अशीच मदत केली होती. हरीभाऊंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि नको म्हणायचं असतं तर तीही हीच वेळ होती. स्वातीने दाराची चौकट धरली.

"ऑफिसात नाय," हरीभाऊ म्हणाले. "इमानात. पाशिंजरांना खायला-प्यायला देनार, कोनाला बरं नसलं तर बघनार." मग घसा खाकरून जरा मोठ्याने, "माझी थोरली बहीण तेच काम करायची. इंदू. तिनंच शिकवलंय हिला."

हवालदारांनी लिहून घेतलं आणि चहा मागितला.

संध्याकाळी मी पेणला परतलो. इंदूताई दारातच होत्या. मी म्हणालो, झालं, स्वाती जाणार. त्यांनी मान हलवली, मला बसायला सांगितलं, आत जाऊन पाणी आणलं आणि समोर बसल्या.

"काय म्हणाला तो?"

मी सांगितलं.

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं. थोरली बहीण म्हणाले."

"लोक होते?"

"ओटी माणसांनी भरली होती."

शेकडो माणसांना काय हवं, काय नको हे विचारण्यात इंदूताईंचा जन्म गेला होता. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना त्या एकाच संध्याकाळी ऐकलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पुन्हा सांगता का? कोण कुठे बसलं होतं, तिथपासून."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.