सत्काराचा एकच नारळ

मला गोष्ट सांगता येत नाही, हे मी आधीच बजावलं होतं. तरी आणून बसवलंय खुर्चीवर. कशाला, तर म्हणे आज गोष्टीचा दिवस आहे. गोष्टीला दिवस नव्हता तेव्हा माणसं रात्री गोष्टी सांगायची आणि पोरं ऐकता ऐकता झोपायची. आता दिवस निघालाय, म्हणून भर उन्हात सांगायची आणि पोरांनी झोपायचं नाही. बरं. टाळ्या नकोत, पोरांनो. हात खाली घ्या, ऐका आणि घरी जा.

एका जंगलात वैशाख आला. येणारच. जंगल आहे म्हणून काय वैशाख वाट चुकतो?

वैशाखात तिथला ओढा आटायचा. वर नुसती तापलेली वाळू. पण वाळूच्या पोटात पाणी असायचं. मग जंगलाची एक रीत होती. अस्वलानं वरची वाळू ओढायची. डुकरानं मुसकट घालून खोल जायचं. साळिंदरानं कडा ढासळू द्यायच्या नाहीत. दुपार कलायच्या आत झिरा तयार. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा, त्यात पाणी पाझरून वर येतं. मग सगळ्यांनी पाळीपाळीनं प्यायचं. वाघ प्यायला आला की हरणांनी लांब थांबायचं. हरणं प्यायला आली की वाघानं दुसरीकडं बघायचं. या रीतीचं कुणी बारसं केलं नव्हतं. म्हणून ती चालत होती.

त्या वर्षी कोल्हा गावाकडं कोंबडी चोरायला गेला. कोंबडी मिळाली नाही. मंडपाच्या मागं लपला होता, तो भाषण ऐकून आला. येताना देवळाच्या पायरीवरचा एक नारळ उचलला आणि शेतातल्या बुजगावण्याच्या अंगावरचं फडकं ओढलं.

वाघाला म्हणाला, "महाराज, गावात रोज कशाचा ना कशाचा दिवस असतो. आपल्याकडं दिवस नुसताच उगवतो आणि नुसताच मावळतो. लोक हसतात आपल्याला."

"कोण लोक?" वाघानं विचारलं.

"आहेत, महाराज."

वाघाच्या गुहेत बारमाही पाझर होता. त्याला वैशाख काय अन् आषाढ काय. तो म्हणाला, "करा," आणि कूस बदलली.

पहिला आला कामाचा दिवस. नेमका त्याच दिवशी झिरा खणायचा होता. पण कामाच्या दिवशी काम करायचं नसतं, एवढं कोल्हा ऐकून आला होता. म्हणून डुकराच्या अंगावर ते फडकं घातलं, पुढ्यात नारळ ठेवला, आणि सगळे त्याच्या मुसकटावर बोलले. किती मजबूत, किती खालपर्यंत जातं. आपल्याला मुसकट आहे हे डुकराला ठाऊक होतं. ते एवढं थोर आहे हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते मातीत घालायचं त्याच्या जिवावर यायला लागलं.

संध्याकाळी कोल्ह्यानं नारळ परत मागितला.

"मला दिला होता ना?" डुक्कर म्हणालं.

"दिला होता. पण सत्काराचा नारळ फोडायचा नसतो, भाऊ. तो पुढच्याला लागतो."

जंगलात नारळ एकच. त्यामुळं रीतही लगेच बसली.

मग हसण्याचा दिवस झाला. तरसाला अध्यक्ष केलं. घसा कोरडा पडेपर्यंत सगळे हसले. घसा आधीच कोरडा होता, त्यामुळं कार्यक्रम लवकर आटोपला. पाहुण्या पाखरांचा दिवस झाला. पाहुणी पाखरं होळीच्या आधीच आपल्या मुलखाला गेली होती. मग ती ज्या फांदीवर बसायची त्या फांदीपुढं नारळ ठेवला. फांदीनं तो मागितल्याबरोबर परत दिला. कोल्हा म्हणाला, असे सत्कारमूर्ती पाहिजेत.

झिरा तसाच राहिला. बाकीची जनावरं दिवसभर भाषणं ऐकायची आणि तिन्हीसांजेला टेकडी ओलांडून पलीकडच्या तळ्यावर पाणी प्यायला जायची. पाय मोडायचे, पण जमायचं.

एकटीला जमत नव्हतं. ती भेकरी. भेकर म्हणजे छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं ते. ती नुकतीच व्यायली होती. पाडसाला अजून नीट उभं राहता येत नव्हतं, ते टेकडी काय चढणार? आणि त्याला एकटं टाकून गेलं तर परत आल्यावर ते असेल, याची खात्री कोण देणार? ती झाडपाला चघळून तहान मारत होती. त्यानं जीव राहतो, दूध येत नाही. पाडस आचळाला तोंड लावायचं, ढुशा द्यायचं आणि तिच्याकडं बघायचं. तिला ते बघणं सोसवेना.

ती डुकराकडं गेली. "भावजी, दोन मुसंड्या मारा की ओढ्यात. तुमच्यासारखं कुणाला जमतं?"

"तेच भाषणात सगळे म्हणाले," डुक्कर खूश होऊन म्हणालं. "तू ऐकलंस का ते भाषण?"

"ऐकलं. आता खणा."

"वहिनी, आता ते मुसकट नुसतं माझं राहिलं नाही. असं ऊठसूट कुठंही घालता येत नाही."

ती अस्वलाकडं गेली. अस्वलाला मधमाशांच्या दिवसाचं प्रमुख केलं होतं. ते पोळ्याखाली उभं राहून मधमाशांना आमंत्रण देत होतं. त्याचं नाक सुजून वांग्याएवढं झालं होतं.

"काय झालं, दादा?"

"येतो म्हणाल्या," अस्वल म्हणालं. "नक्की येतो म्हणाल्या. तू नंतर ये."

शेवटी ती कोल्ह्याकडं गेली. त्याच्याकडं जायचं म्हणजे पाडसाला पोटाखाली घेऊनच.

"पाण्याचं काहीतरी बघा, कोल्होबा."

"पाण्याचा दिवस?" कोल्हा हळहळला. "अरेरे. तो गावात फाल्गुनातच होऊन गेला, बाई. उशीर केलात."

"फाल्गुनात ओढ्याला पाणी होतं."

"म्हणून तर तेव्हा ठेवतात. आता पुढच्या फाल्गुनात."

"मला तहान आत्ता लागलीय."

कोल्ह्यानं डोळे मिटून मान हलवली. "तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं शहाणी माणसं सांगून गेलीत. तुम्हाला तहान लागलेली आहे. म्हणजे आता तर खणताच येणार नाही. असं करा, पाडस माझ्यापाशी ठेवा अन् खुशाल तळ्यावर जाऊन या. मी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळीन."

"पोटात, म्हणा," भेकरी म्हणाली. "त्यापेक्षा तहान बरी."

तिनं स्वतःच ओढ्यात खणून बघितलं. भेकराचे खूर ते केवढे? हातभर वाळू काढावी तर दोन हात आत घसरावी. दुपारी तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, तेव्हा ती थांबली.

तेवढ्यात कोल्हा धावत आला. उद्या आईचा दिवस होता. जंगलातली सगळ्यात ताजी आई तीच.

"मी नाही येत," ती म्हणाली. "मला उभं राहवत नाही."

"बसून घ्या की सत्कार! आईला बसायचा मान आहे."

दुसऱ्या दिवशी तिला ओढ्याकाठच्या मोठ्या खडकावर बसवलं. वर सावली नव्हती. सावलीत पाहुणे बसले होते. अंगावर बुजगावण्याचं फडकं घातलं. पुढ्यात नारळ ठेवला. कोल्ह्यानं घसा खाकरला.

"आई म्हणजे काय? आई म्हणजे दुधाचा सागर!"

पाडस आचळाला ढुशा देत होतं. दूध आलं नाही. ते रडायला लागलं.

"कुणाचं मूल आहे ते?" तरस ओरडलं. "बाहेर न्या त्याला! आईवर भाषण चाललंय, दिसत नाही?"

भेकरीनं पाडसाला जवळ ओढलं. ओढताना तिचा पाय नारळाला लागला. नारळ हलला आणि आत डुचुक असा आवाज झाला.

तिनं कान टवकारले. पुन्हा पाय लावला. पुन्हा आवाज. कामाच्या दिवसापासून तो नारळ जंगलभर मिरवत होता. इतक्या जणांनी तो पुढ्यात ठेवून घेतला होता. तो हलवून बघायची वेळ कुणावर आली नव्हती.

कोल्हा म्हणत होता, "आईच्या त्यागाला तोड—"

तिनं नारळ नाकानं कडेला ढकलला. तो खडकावरून खाली धोंड्यावर पडला. फट्! दोन भकलं. एक पालथं पडलं, त्यातलं पाणी वाळूनं गिळलं. दुसरं उताणं पडलं. फडकं तिथंच टाकून ती पाडसाला नाकानं ढकलत खाली उतरली. आधी पाडसाचं तोंड त्यात घातलं, मग उरलेलं आपण चाटलं. ते फार नव्हतं. पण जी तहानेनं मरायची, ती उभी राहिली.

सावलीतले पाहुणे माना लांब करून बघायला लागले.

"फोडला," कोल्हा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "सत्काराचा नारळ फोडला! अहो, उद्या कासवाचा दिवस आहे!"

खरंच होता. कासव आठवडाभर आधी निघालं होतं, वेळेवर पोहोचावं म्हणून. दुसऱ्या दिवशी कोल्ह्यानं त्याच्यापुढं कवठ ठेवलं.

"हे काय?" कासव म्हणालं.

"नारळासारखंच आहे. गोल आहे, टणक आहे."

"भेकरीला नारळ अन् मला कवठ? माझ्या पाठीकडं बघून तरी बोल." आणि त्यानं मान आत घेतली. काही केल्या बाहेर काढेना. कार्यक्रम रद्द झाला.

पुढं सगळेच असं म्हणायला लागले. नारळ नाही तर सत्कार नको. सत्कार नाही तर दिवस कसला? दिवस नाही म्हणजे भाषण नाही. जनावरं मोकळी झाली. मोकळं बसून काय करणार? डुक्कर ओढ्यात उगीच हिंडत होतं. मुसकटाला खाज सुटली. कुणी बघत नाही असं बघून त्यानं ते वाळूत घातलं. बरं वाटलं. आणखी घातलं. अस्वल आलं, ते सुजलं नाक गार करायला ओली वाळू शोधत होतं. साळिंदराला ढासळलेली कड कधीच बघवत नव्हती. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. दुपार कलली आणि झिऱ्यात पाणी आलं.

भेकरी पोटभर प्यायली. रात्री तिला पान्हा फुटला. पाडस पिता पिताच झोपलं.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. नाही संपली. गुन्हा झाला होता ना!

कोल्ह्यानं भेकरीला वाघापुढं उभं केलं. उभं केलं तेही झिऱ्यावरच, कारण गुहेतला पाझर त्या वर्षी आटला होता आणि महाराज पाणी पीत होते.

"हिनं जंगलाचा मान फोडून खाल्ला, महाराज."

वाघानं ओल्या मिशा चाटल्या. "खरं का गं?"

"हो, महाराज. खाल्ला. आत खोबरंही होतं."

वाघानं पुष्कळ विचार केला. "शिक्षा अशी, की या जंगलात तुझा पुन्हा कधीही सत्कार होणार नाही."

भेकरीनं मान लववली. "उपकार झाले, महाराज. तेवढी पाडसालाही शिक्षा द्या."

पुढच्या वैशाखाआधी कोल्ह्यानं गावाकडून दुसरा नारळ आणला. या वेळी निवडून आणला. जुना, वाळका, कितीही हलवला तरी आवाज न येणारा. पहिला दिवस झिऱ्याचा ठेवला. झिऱ्याच्या दिवशी झिरा खणायचा नसतो, त्यावर बोलायचं असतं. कोल्ह्याचं भाषण रंगात आलं. भेकरीला आमंत्रण नव्हतं. तिनं पाडसाला हाक मारली, ते आता चांगलं चालत होतं, आणि दोघं टेकडीच्या वाटेला लागली.

तात्पर्य: सत्काराचा नारळ कधी फोडू नये. फोडला तर भाषणं बंद पडतात, आणि मग चांगल्या चांगल्या मंडळींना काम करावं लागतं.

आणि हो. मागच्या वर्षी म्हाताऱ्यांचा दिवस होता, तेव्हा मलाही असंच उन्हात बसवून एक नारळ दिला होता. मी घरी नेला, फोडला आणि चटणी करून खाल्ली. संध्याकाळी एक जण दारात आला, नारळ परत मागितला, आणि चटणी झाली म्हटल्यावर चार लोकांत मला हावरट म्हणाला. तो आजही इथंच आहे. मागं, पंख्याखाली, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन बसलाय. माफी मागायला उठेल म्हणून मी एवढी लांबण लावली. उठला नाही. त्याचं नाव भालचंद्र गुंजाळ.